फेस दिसतो, प्राणवायू दिसत नाही

कार्तिकी एकादशीच्या सुमारास आळंदीच्या घाटाची छायाचित्रे गेली काही वर्षे वर्तमानपत्रांत येतात, ती तुम्ही पाहिली असतील. बंधाऱ्याखाली इंद्रायणीवर पांढऱ्या फेसाचे ढीगच्या ढीग तरंगत असतात आणि त्याच पाण्यात वारकरी स्नान करतात, ओंजळीने तीर्थ घेतात. थेरगावच्या केजुदेवी बंधाऱ्याखाली पवनेवरही असाच फेस पुष्कळदा दिसतो. दोन-तीन दिवस चर्चा होते, फेस विरतो आणि चर्चाही विरते.

पण एक गोष्ट तुमच्या ध्यानात आली का? फेस नेहमी बंधाऱ्याखालीच का दिसतो? बंधाऱ्याच्या वर, थोड्याच अंतरावर, तेच पाणी अगदी संथ आणि बिनफेसाचे असते. मग बंधाऱ्यात कोणी साबण कालवतो की काय? या साध्या प्रश्नापासून आपण सुरुवात करू, कारण त्याचे उत्तर शोधता शोधता आपण फेसापेक्षा मोठ्या दुखण्यापर्यंत पोचणार आहोत.

आधी नकाशा डोळ्यांसमोर आणा. पिंपरी-चिंचवडला तीन नद्या आहेत. उत्तरेच्या कडेने इंद्रायणी, मधोमध पवना आणि दक्षिणेच्या कडेने मुळा. पवना दापोडीला मुळेस मिळते. पुढे पुण्यात मुळा आणि मुठा यांचा संगम होतो आणि मुळा-मुठा भीमेला जाऊन मिळते. इंद्रायणी देहू, मोशी, आळंदीवरून तुळापूरला भीमेस मिळते. चाकणचा परिसर या इंद्रायणीच्या आणि भामा नदीच्या मधोमध वसला आहे, आणि भामाही तुळापूरलाच भीमेला भेटते. म्हणजे पिंपरीतल्या न्हाणीघरातून निघालेले पाणी असो की चाकणच्या वसाहतीतल्या नाल्याचे, ते शेवटी एकाच नदीत पडते. आणि ती नदी सोलापूर जिल्ह्यातल्या उजनी धरणात अडवली आहे. हे धरण १९८० साली पुरे झाले. त्याची साठवण सुमारे ११७ टीएमसी, म्हणजे जवळजवळ ३.३ अब्ज घनमीटर आहे. उजनी आपल्याला लेखाच्या उत्तरार्धात लागेल.

आता फेसाकडे वळू. शुद्ध पाण्याचा पृष्ठताण २५ अंश सेल्सियसला ७२ डाइन दर सेंटिमीटर असतो. साबण किंवा धुण्याची पूड टाकली की तो तीसच्या आसपास येतो. पृष्ठताण कमी झाला म्हणून फेस होतो, असे उत्तर बहुतेक विद्यार्थी देतात. ते अर्धेच बरोबर आहे. स्पिरिटमुळेही पाण्याचा पृष्ठताण चांगलाच उतरतो. पण स्पिरिट मिसळलेले पाणी खळखळून हलवा, टिकाऊ फेस होत नाही. खरी गंमत निराळी आहे. बुडबुड्याचे पटल एखाद्या ठिकाणी ताणले जाऊन पातळ झाले, की तिथे पृष्ठभागावरचे साबणाचे रेणू विरळ होतात. रेणू विरळ झाले की तेवढ्या जागी पृष्ठताण वाढतो आणि तो भोवतालचे पाणी आपल्याकडे ओढून घेतो. पातळ झालेली जागा पुन्हा भरून येते. साबणाचा बुडबुडा आपली जखम आपणच सांधतो, म्हणून तो टिकतो.

बंधाऱ्याचे कोडे आता सुटलेच. फेस व्हायला दोन गोष्टी लागतात: बुडबुडा टिकवणारे द्रव्य आणि पाण्यात हवा घुसळणारी रवी. पहिली गोष्ट नदीभर आहे, दुसरी फक्त बंधाऱ्याखाली. संथ डोहातले पाणी फेसाळत नाही याचा अर्थ ते स्वच्छ आहे असा नव्हे.

युरोपात हे कोडे आपल्या आधी पडले होते. १९५० नंतरच्या दशकात इंग्लंड व जर्मनीतल्या नद्यांवर फेसाचे डोंगर उभे राहू लागले. त्या काळच्या कृत्रिम धुलाई-द्रव्यांच्या रेणूंना फाटे फुटलेली कार्बनची साखळी असे, आणि जंतूंना ती तोडता येत नसे. १९६० नंतरच्या दशकाच्या मध्यास कारखानदारांनी सरळ साखळीचे रेणू वापरायला सुरुवात केली. हे रेणू जंतू खातात. आपल्याकडच्या पुडीतही आज मुख्यतः हेच सरळ साखळीचे द्रव्य असते. मग आळंदीला फेस कसा? कारण जंतूंना ते खायला वेळ हवा आणि मुख्य म्हणजे प्राणवायू हवा. नाल्यातून थेट आलेल्या, प्राणवायू संपलेल्या पाण्यात हे रेणू जवळजवळ तसेच राहतात. अर्धवट कुजलेली सेंद्रिय द्रव्येही फेसाला हातभार लावतात. तेव्हा फेस हे लक्षण झाले. दुखणे प्राणवायूचे आहे, आणि ते छायाचित्रात येत नाही.

पाण्यात प्राणवायू किती असतो, याचा अंदाज करून पाहा. पुण्याच्या उंचीवर एक लिटर हवेत सुमारे २५० मिलिग्रॅम प्राणवायू असतो. तिथेच एक लिटर स्वच्छ पाण्यात, २७ अंशाला, फार तर साडेसात मिलिग्रॅम विरघळतो. आपल्यापेक्षा मासा तीस पटींहून अधिक गरिबीत जगतो! त्यातही पाणी तापले की ही पुंजी आणखी घटते: समुद्रसपाटीला २० अंशाच्या पाण्यात ९.१ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, तर ३० अंशाच्या पाण्यात ७.५. आणि नेमकी त्याच वेळी जंतूंची भूक वाढते. उन्हाळ्यात नदी का मरते, याचे निम्मे उत्तर या दोन आकड्यांत आहे.

ही पुंजी येते कोठून? मुख्यतः वरच्या हवेतून. पण प्राणवायूचे रेणू पाण्यात फारच सावकाश पसरतात. अगदी निश्चल पाण्यात नुसत्या विसरणाने एक मीटर खोल जायला त्यांना सुमारे आठ वर्षे लागतील! (विसरणाचे सूत्र तुम्ही पुढे शिकाल तेव्हा हा हिशोब करून पाहा.) म्हणून पाणी खालीवर ढवळले गेले तरच नदीला श्वास घेता येतो. कुरवंड्याजवळ उगम पावलेली इंद्रायणी सह्याद्रीत खडकांवरून उड्या मारीत येते, तेव्हा ती भरपूर श्वास घेते. पुढे बंधाऱ्यांनी तुंबलेल्या डोहांत ती जवळजवळ श्वास रोखून असते. बंधाऱ्यावरून पडताना मात्र तिला पुन्हा हवा मिळते. म्हणजे जिथे आपल्याला फेस दिसून किळस येते, तिथेच बिचारी नदी दम खात असते. त्यातही साबणाचे रेणू पृष्ठभागावर दाटीने बसून प्राणवायूची आत येण्याची गती कमी करतात, ते निराळेच.

जमेची बाजू झाली, आता खर्च. सांडपाण्यातील सेंद्रिय द्रव्ये जंतू खातात आणि त्यासाठी पाण्यातला प्राणवायू वापरतात. हा खर्च मोजण्याची रीत सोपी आहे. नमुना बाटलीत हवाबंद करून अंधारात ठेवायचा आणि ठराविक दिवसांत किती प्राणवायू खर्ची पडला ते पाहायचे. या आकड्याला जैविक प्राणवायू मागणी, इंग्रजी आद्याक्षरांवरून ‘बीओडी’, म्हणतात. इंग्लंडमधल्या शाही आयोगाने १९१२ साली पाच दिवसांची मुदत धरली. तिथल्या नद्यांचे पाणी पाच दिवसांच्या आत समुद्राला मिळते म्हणून ही मुदत ठरली, असे सांगतात. आपल्याकडे पाणी उबदार, जंतू चपळ. म्हणून भारतात २७ अंशाला तीन दिवस ठेवतात. स्नानाच्या पाण्याची बीओडी लिटरला ३ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावी आणि त्यात प्राणवायू ५ मिलिग्रॅमपेक्षा कमी नसावा, असा आपल्याकडचा निकष आहे. घरगुती सांडपाण्याची बीओडी असते २०० ते ३०० मिलिग्रॅम.

आता एक गणित करा. एक माणूस रोज सुमारे ४५ ग्रॅम बीओडीएवढी घाण सांडपाण्यात सोडतो, असे नगर अभियंते धरतात. मग एक लाख माणसांची रोजची मागणी ४,५०० किलोग्रॅम प्राणवायू झाली. दहा लाख लिटर स्वच्छ नदीच्या पाण्यात प्राणवायू असतो साडेसात किलोग्रॅम. भागाकार करा: ६० कोटी लिटर. केवळ एक लाख माणसांचे प्रक्रिया न केलेले सांडपाणी रोज ६० कोटी लिटर पाण्याचा सगळा प्राणवायू गिळू शकते! सेकंदाला सुमारे ७ घनमीटर वाहणारी नदी त्यासाठी लागेल. २०११ च्या जनगणनेत पिंपरी-चिंचवडची लोकसंख्या सव्वासतरा लाखांवर होती आणि त्यानंतर ती पुष्कळ वाढली आहे. सांडपाण्याचा मोठा भाग प्रक्रिया केंद्रांत जातो हे खरे. कासारवाडीला, चिखलीला आणि इतरत्र महापालिकेची अशी केंद्रे आहेत. पण जो एखादा नाला केंद्राला चुकवून नदीत शिरतो, त्याचे वजन किती, हे या गणितावरून कळेल. चाकणभोवतालच्या, भराभर वाढलेल्या गावांचा प्रश्न तर याहून कठीण आहे. तिथे वस्ती आधी आली आणि गटारे मागून.

नदीच्या बाजूनेही पाहा. शहराला लागणारे बरेचसे पाणी पवनेतून रावेतच्या बंधाऱ्याशी उचलले जाते. उचललेल्या पाण्यापैकी सुमारे ८० टक्के सांडपाणी होऊन परत येते, असा ठोकताळा आहे. त्यामुळे उन्हाळ्यात रावेतच्या खाली पवनेत वाहते ते बरेचसे वापरून झालेले पाणीच असते. त्याला आपण सवयीने नदी म्हणतो.

अमेरिकेत स्ट्रीटर आणि फेल्प्स या दोघांनी ओहायो नदीचा अभ्यास करून १९२५ साली या जमाखर्चाचे समीकरण मांडले. त्याचा आलेख काढला तर कपडे वाळत घातलेल्या दोरीसारखा झोळ दिसतो: नाला मिळाल्यावर प्राणवायू घटत जातो, एका ठिकाणी तळ गाठतो आणि मग हळूहळू वर येतो. लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट अशी की, झोळाचा तळ नाल्याच्या तोंडाशी नसतो, तो पुढे असतो. समजा, नदी सेकंदाला २० सेंटिमीटर वाहते आहे आणि तळ गाठायला दोन दिवस लागतात; तर तो पस्तीस किलोमीटर खाली येईल. घाण एका गावाची, गुदमरणारे मासे दुसऱ्या गावचे! आणि दोरी वर येण्याच्या आतच पुढचा नाला मिळाला तर? दोरीवर आणखी एक ओले घोंगडे पडते. पवनेचे आणि मुळेचे हेच झाले आहे.

देहूच्या डोहातले मासे भाविक पूर्वापार जपत आले आहेत. महाशीरसारख्या माशाला वाहते, प्राणवायूने भरलेले पाणी लागते. चिलापीचे मात्र पुष्कळ कमी प्राणवायूत भागते. आज उजनीच्या जाळ्यात सर्वांत जास्त काय सापडते, म्हणून इंदापूर-भिगवणकडच्या एखाद्या कोळ्याला विचारा. चिलापी, असेच उत्तर येईल.

उजनीच्या जलाशयात शिरल्यावर हिशोबाची वहीच बदलते. ओडिशाच्या किनाऱ्यावरचे चिल्का सरोवर तुम्ही भूगोलात वाचले असेल. तेही तुंबलेलेच पाणी. पण त्याला समुद्राकडे तोंड आहे आणि भरती-ओहोटीबरोबर त्यातले पाणी बदलते. ते तोंड गाळाने आवळत गेले तसतसे सरोवर खालावले. २००० साली समुद्राकडे नवे तोंड उघडल्यावर ते सावरू लागले. उजनीला भरती-ओहोटी नाही. पावसाळ्यात सांडव्यावरून वाहील तेवढेच काय ते धुतले जाणार.

शिवाय येथे नवा कर्जदार उभा राहतो: फॉस्फरस. तो मैल्यात असतो, धुण्याच्या काही पुडींत असतो, आणि उसाला घातलेल्या खतांतही असतो. तेव्हा सगळा दोष शहराच्या माथी मारता येणार नाही. नेहमीचे प्रक्रिया केंद्र बीओडी चांगली उतरवते, पण फॉस्फरसचा बराच भाग तसाच सोडते. स्वच्छ दिसणाऱ्या त्या पाण्यातून खत तेवढे पुढे जाते. कॅनडात डेव्हिड शिंडलर यांनी १९७३ साली एका लहान सरोवराच्या मध्यभागी पडदा लावून त्याचे दोन भाग केले. दोन्हींत कार्बन आणि नायट्रोजन घातले, फॉस्फरस मात्र एकाच भागात. तेवढाच भाग शेवाळाने हिरवागार झाला! एवढे बोलके प्रयोग विज्ञानात थोडेच असतील.

शेवाळाला साधारणपणे एक ग्रॅम फॉस्फरस मिळाला तर जेवढे शेवाळ होते, ते पुढे कुजताना सुमारे १४० ग्रॅम प्राणवायू खाते. म्हणजे पिंपरीत बीओडीचे देणे फेडले, तरी फॉस्फरसच्या रूपाने उजनीत ते पुन्हा उभे राहते. जलपर्णीचेही तेच. मूळची दक्षिण अमेरिकेतली ही वनस्पती अनुकूल पाण्यात दोनेक आठवड्यांत दुप्पट होते. ती पाणी झाकते, हवेचा मार्ग अडवते आणि कुजली की उरलासुरला प्राणवायूही संपवते. उन्हाळ्यात वरचे तापलेले पाणी हलके आणि खालचे जड असल्यामुळे खोल जलाशयात दोन थर होतात. खालच्या थराला प्राणवायू मिळेनासा झाला की तळच्या गाळात लोहाने बांधून ठेवलेला फॉस्फरस सुटून पुन्हा पाण्यात येतो. जुने देणे चक्रवाढ व्याजाने परत! हेच पाणी जलवाहिनीने सोलापूर शहराला पिण्यासाठी जाते. शेवाळाने भरलेले पाणी शुद्ध करणे महाग पडते, आणि काही निळ्या-हिरव्या शेवाळांच्या अंगी विषही असते.

शेवाळ आणखी एक फसवणूक करते. दिवसा उन्हात ते प्रकाशसंश्लेषणाने प्राणवायू सोडते, रात्री मात्र श्वसनात खर्च करते. त्यामुळे हिरव्या पाण्यात दुपारी तीन वाजता प्राणवायू प्रमाणाबाहेर जास्त आढळतो आणि पहाटे पाचला तेच पाणी रिते असते. मासे मरतात ते पहाटे. माझे तर असे मत आहे की, पाण्याच्या ज्या अहवालात नमुना किती वाजता घेतला ते लिहिलेले नाही, त्यातला प्राणवायूचा आकडा वाचूच नये.

कारखान्यांचे काय, असे तुम्ही विचाराल. भोसरी, तळवडे, चाकण येथे धातूंना मुलामा देण्याची कामे होतात. त्या टाक्यांतल्या पाण्यात क्रोमियम, निकेल, कधी सायनाइड असते. धातू प्राणवायूच्या जमाखर्चात येतच नाहीत, कारण जंतू त्यांना खाऊन संपवू शकत नाहीत. पिण्याच्या पाण्यात क्रोमियमची मर्यादा लिटरला ०.०५ मिलिग्रॅम आहे. असे पाणी चोरून गटारात सोडले, तर सांडपाणी केंद्रातले उपयोगी जंतूच मरतात आणि केंद्र काही दिवस आंधळे होते. म्हणून हे पाणी उगमापाशीच, निराळे शुद्ध करावे लागते. १९७४ च्या जलप्रदूषण कायद्याने ते बंधनकारक आहे. पण केवळ कारखान्यांकडे बोट दाखवून भागणार नाही. प्राणवायूचे देणे मुख्यतः तुमच्या-आमच्या न्हाणीघरांचे आणि संडासांचे आहे, हे वरच्या गणितात तुम्ही पाहिलेच.

आता एक प्रयोग. शाळेच्या प्रयोगशाळेत मिथिलीन ब्लू हा रंग असतो. तो प्राणवायू असेपर्यंत निळा राहतो, आणि प्राणवायू संपून जंतूंचे काम चालूच राहिले की रंगहीन होतो. घट्ट काचेची बुचे असलेल्या १५० मिलिलिटरच्या तीन-चार बाटल्या घ्या. एकीत विहिरीचे किंवा एक दिवस उघडे ठेवलेले नळाचे पाणी भरा (नळाच्या ताज्या पाण्यातले क्लोरीन रंगाला बाधते), बाकीच्यांत नदीच्या निरनिराळ्या ठिकाणचे. नमुने शिक्षकांबरोबर जाऊन, हातमोजे घालून घ्या. एकट्याने नदीत उतरू नका, आणि नंतर साबणाने हात धुवा. प्रत्येक बाटलीत रंगाच्या ०.०५ टक्के द्रावणाचे सुमारे ०.४ मिलिलिटर घाला. बाटली काठोकाठ भरा, आत हवेचा एकही बुडबुडा राहू देऊ नका. बूच लावून अंधाऱ्या कपाटात ठेवा. अंधार कशासाठी, ते शेवाळाविषयी वाचलेत त्यावरून ओळखा. मग रोज सकाळ-संध्याकाळ पाहून रंग जाण्याची वेळ वहीत लिहा. कच्च्या सांडपाण्याचा रंग पहिल्या दिवसातच जाईल. चार-पाच दिवसांनंतरही निळे राहणारे पाणी बरेच बरे.

रंग गेलेली एक बाटली घ्या. तिच्यातले थोडे पाणी मोरीत ओतून हवेला जागा करा, बूच लावा, चिमटीत घट्ट धरा आणि जोराने हलवा. निळा रंग परत येतो! बंधाऱ्याखाली नदीला मिळते ती हीच हवा. आता बाटली पुन्हा कपाटात ठेवा, आणि या खेपेस रंग किती तासांत जातो ते पाहा.